चंदगडची कॅसेट

आमच्या घरात ब्रॉडबँड आलं ते शिकवणीच्या पोरांचं निमित्त करून. राजारामपुरीत मी दहावी-बारावीचं गणित शिकवत होते. प्रश्नपत्रिका काढायला बरं पडेल, असं मी घरात सांगितलं. घरात म्हणजे थोरल्या काकांना, कारण आम्ही दोघंच राहत होतो. काकू गेल्यावर चंदगडची काजूची बाग चुलतभावाच्या हवाली करून ते माझ्याकडे आले होते. येताना एक ट्रंक आणली, तिच्यात कपडे कमी आणि कॅसेटी जास्त. उभ्या आयुष्यात जिथं जिथं गाणं ऐकायला गेले, तिथं तिथं टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसले होते म्हातारबुवा.

प्रश्नपत्रिका राहिल्या बाजूला. वर्षभरात मला इंटरनेटवर गाणं ऐकणाऱ्यांची एक टोळी सापडली. त्यात कुणी गाणारं नव्हतं, सगळे नुसते कानाचे धनी. रविवारी सकाळी सगळ्यांनी आपापल्या कॅमेऱ्यासमोर बसायचं, एकानं आपल्याकडचं एखादं दुर्मिळ ध्वनिमुद्रण लावायचं, बाकीच्यांनी माइक बंद करून ऐकायचं आणि मग तासभर भांडायचं, अशी रीत. नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. आम्ही एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायचो. मी कोल्हापूर. बाकी इंदूर, धारवाड आणि टोरांटो.

काकांनी आधी नाक मुरडलं. "खोक्यात तोंड घालून गाणं ऐकायचं? येड लागलंय काय तुला?" पुढच्या रविवारी मात्र दाढी करून, धुतलेली टोपी घालून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. टोरांटो लांब आहे म्हणून टोरांटोशी ते फार मोठ्यानं बोलत. इंदूरशी जरा कमी. मी सांगून पाहिलं, पण ऐकतील तर ते काका कसले! त्या काळी आवाज पोचायला वेळ लागायचा, मध्येच चित्र थिजायचं, आणि तोंडाचं हलणं आणि शब्द यांचा मेळ कधी बसायचा नाही. सगळे एकदम बोलायचे, मग सगळे एकदम गप्प व्हायचे.

टोरांटो म्हणजे एक तिशीतली बाई. नागपुरात वाढलेली, नवऱ्याबरोबर तिकडं गेलेली. ती बोलायची कमी. एका रविवारी तिच्याकडचं गाणं संपल्यावर ती म्हणाली, "मला एक विचारायचं होतं. माझ्या आईचं माहेर चंदगडचं. तिचे वडील तिथं पोस्टमास्तर होते. लग्नाआधी ती गायची म्हणतात, गणपतीत वगैरे. मी तिला कधीच ऐकलं नाही. आता ती नाही. तुमच्या भागात जुनं रेकॉर्डिंग करणारे कुणी माहीत आहेत का? काकांकडे काही असेल का?"

एवढं सगळं ती एका दमात बोलली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही बाई आमच्या टोळीत कशासाठी आली होती. इंदूर आणि धारवाड हे तिनं वाटेत सहन केलेले लोक होते.

काका कॅमेऱ्यात वाकले आणि ओरडले, "हाय!"

तिकडं ती दचकली. मग तिनं हसून हात हलवला. "हाय, काका!"

"हाय, हाय!" काका आणखी मोठ्यानं.

"हाय!" ती पुन्हा. दोन्ही हात हलवले. इंदूरनंही हात हलवला, का ते त्यालाच ठाऊक. आणि तेवढ्यात आमच्याकडची लाइट गेली.

काका रागानं लालबुंद. "मी हाय म्हनतोय, आणि ती बया टाटा कराय लागलीया! आईचा आवाज पायजे का चेष्टा कराय पायजे?" माझं हसू आवरेना. नागपुरात 'आहे' म्हणतात, कोल्हापुरी 'हाय' तिला इंग्रजी वाटला, हे मी त्यांना समजावलं. त्यांना ते पटलं नाही. "मग तिला मराठी येत न्हाय म्हन की सरळ," म्हणाले आणि आंघोळीला गेले.

हसणं ओसरल्यावर मला कळलं की काकांनी काय सांगितलं होतं. न्हाणीघराच्या दारातूनच मी विचारलं, "काका, खरंच आहे तुमच्याकडे?"

"एकदा सांगितलं न्हवं? पोस्टमास्तरांची पोरगी. भूप गायलीती गणपतीच्या मांडवात. मी फुडंच बसलोतो."

पुढच्या रविवारी मी टोरांटोला सांगितलं की मागच्या खेपेला काकांनी नमस्कार-चमत्कार केला नव्हता, कॅसेट आहे असं ते सांगत होते. तिचं चित्र थिजलं. मला वाटलं, झालं, लाइन गेली. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग तिच्या मागच्या खिडकीचा पडदा हलताना दिसला. लाइन नीट होती, तीच हलत नव्हती.

"ऐकवाल?" असं तिनं फार हळू विचारलं.

काका म्हणाले, "बघू. टेपचा बेल्ट गेलाय."

बेल्ट गेलेला नव्हता. आदल्याच संध्याकाळी त्याच टेपवर त्यांनी अभंग ऐकले होते. तिच्यासमोर मी त्यांना खोटं कसं पाडणार? पुढच्या रविवारी कॅसेटला बुरशी लागली. त्याच्या पुढच्या रविवारी ट्रंकेची किल्ली हरवली. दर वेळी ती म्हणायची, "काही हरकत नाही, काका, सावकाश." मला तिचं ते 'सावकाश' ऐकवत नव्हतं. कॅसेट मला द्या, मी पुण्याला साफ करायला पाठवते, असं मी सुचवलं, तर काका म्हणाले, "माझ्या ट्रंकेला हात लावायचा न्हाय."

शेवटी माझा पारा चढला. चहाचा कप मी इतक्या जोरात ठेवला की बशी तडकली. "काका, हे काय चालवलंय? तिची आई गेलीय. सगळ्या दुनियेत तिचा आवाज एका ठिकाणी आहे, तो तुमच्या ट्रंकेत. तिनं हात हलवला म्हणून अजून रुसून बसलाय?"

"रुसायला मी काय नवरदेव हाय?"

"मग?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "त्या टेपात मी बी हाय."

मला काही उलगडेना. मग त्यांनी सांगितलं. मित्रानं मुंबईहून आणून दिलेला तो नवाकोरा टेपरेकॉर्डर, माइक त्यांच्याच हातात. पोरगी भूप गात होती. नुसती चांगली नव्हे, मांडवातल्या लोकांनी विड्या खाली ठेवाव्यात अशी. आणि तिच्या सगळ्यात चांगल्या तानेला काकांना राहवलं नाही. माइक तोंडाशी होता हेही ते विसरले. "असा वरडलो बघ, निम्मी तान खाऊन टाकली. तीच तान. दुसरी कुठली बी न्हवं." त्या जागेच्या आधी ते टेप कायम बंद करत. कधी कुणाला ती कॅसेट ऐकवली नव्हती, काकूलाही नाही. "आता त्या पोरीला सांगू, की तुझ्या आईची एकच टेप हाय आणि त्यात बी ह्या गाढवानं घाण केलीया?"

मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही. "तिला आईचा आवाज पाहिजे. निम्मी तान तर निम्मी. उद्या तुम्हाला काही झालं आणि टेप चिकटली, तर तीही नाही."

"आता मला मारायलाच निघालीस व्हय?" म्हणाले. पण रविवारी मी उठायच्या आत ती कॅसेट घालून टेप टेबलावर आणून ठेवला होता.

इंदूर आणि धारवाडला त्या दिवशी आम्ही बोलावलं नाही. मी टेपच्या स्पीकरपाशी माइक धरला. आधी नुसती खरखर, मांडवातली कुजबुज, कुणाचं तरी खोकणं. मग ती मुलगी गायला लागली. आवाज किडकिडीत होता, पण सूर जिथं ठेवला तिथं बसत होता. मी मुद्दामच टोरांटोकडे पाहत नव्हते. काकांनी डोळे मिटून खुर्चीचा हात घट्ट धरला होता, जणू एसटी घाट उतरतेय.

आणि ती तान आली. वर चढली, चढता चढता वळली, आणि तिच्यावर एका तरण्या पुरुषाचा आवाज कोसळला. "व्वा! व्वा गं पोरी! जिकलंस!" एवढा मोठा, की माझ्या हातातला माइक हलला. आवाज विरेपर्यंत तान खाली उतरून गेली होती.

काकांनी टेप बंद केला आणि ते उभे राहिले. कॅमेऱ्यात त्यांचं फक्त पोट दिसत असणार. "माफ करा, बाई. तो मीच. तिथंच नेमकं अक्कल गेली."

मग ती म्हणाली, "पुन्हा लावता?"

"लावतो की. सुरुवातीपासनं लावतो. आणि ती जागा आली की आवाज बारीक करतो."

"नाही, नाही. तिथूनच लावा. तुम्ही ओरडता तिथून."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, ती टोमणा मारतेय. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

"घरात आई नुसती गुणगुणली तरी बाबा रेडिओ मोठा करायचे," ती म्हणाली. "मग तिनं तेही सोडलं. तिला कुणी वा म्हटलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं."

काका खाली बसले. टेपवर वाकले, पण त्यांना बटण काही दिसेना. मी मागं फिरवून टेप लावला.