आवराबाईंचा शेवटचा डाव

पाणीपुरवठा कार्यालयातल्या वरिष्ठ लिपिक बाईंना सगळे आवराबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं "बाई". दुसऱ्याच्या पेनाचं टोपण उघडं दिसलं की त्या जाता जाता लावून टाकत. समोरचा बोलताना अडखळला की त्याचं वाक्य त्याच पुरं करत, आणि बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा बरं करत. घरी नवऱ्याचा शेवटचा घास घशाखाली उतरायच्या आत त्याचं ताट घासून पालथं पडलेलं असे. "माझं जेवण झालं हे मला ताट गेल्यावर कळतं," असं तो बिचारा पाहुण्यांना सांगे.

अशा बाईला ठोकळ्यांच्या खेळाचं वेड लागलं नसतं तरच नवल.

जुन्या फायलींच्या खोलीत खिडकीपाशी एक पिवळा पडलेला, ढेरपोट्या संगणक होता. त्यात हा खेळ कुणी घातला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वरून रंगीत ठोकळे पडत. ते डावीउजवीकडे सरकवायचे. एका रंगाचे तीन शेजारी आले की नाहीसे होत आणि गुण वाढत. ढीग वरच्या कडेला टेकला की डाव संपला. बाई रोज मधल्या सुट्टीत सहा मिनिटांत डबा संपवून खेळायला बसत आणि दीडच्या ठोक्याला उठत. कामाच्या वेळेत त्या यंत्राकडे त्यांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नसेल.

डाव संपला की पहिल्या दहा जणांची यादी दिसे. अग्रस्थानी नऊ वर्षं एकच नाव होतं, माजी हेडक्लार्कांचं. गुण अठ्ठ्याण्णव हजार सातशे साठ. हे गृहस्थ निवृत्तीच्या भाषणात कार्यालयाबद्दल दोन वाक्यं बोलले आणि या आकड्याबद्दल सात. बाईंनी मोजली होती.

खरं तर बाईंचा हात आता त्यांच्याही पुढे गेला होता. दुखणं निराळंच होतं. यंत्राला पाचच आकडी संख्या लिहिता येई. एक लाख झाले की ते सगळं पुसून पुन्हा शून्यापासून मोजू लागे. मग बाईंचं चित्त उडे, हात चुके, डाव संपे आणि यादीत त्यांचं नाव तळाशी येई, कधी बाराशे चाळीस, कधी नऊशे. चार महिन्यांत हे अकरा वेळा झालं. बाईंनी लेखी तक्रार केली. वरून उत्तर आलं, "सदर यंत्रावर असा कोणताही खेळ नाही."

आणि मग सोमवारी फलकावर सूचना लागली: सहा जुने संगणक शुक्रवारी दुपारी दोन वाजता भंगारात जाणार. म्हणजे शुक्रवारची सुट्टी हा शेवटचा डाव.

शुक्रवारी बाई खेळायला बसल्या तेव्हा मागे शिपाई, टपाल विभागातली मुलगी आणि दोन कारकून डबे हातात घेऊन उभे होते. एवढ्यात दारातून आवाज आला, "चालू द्या, चालू द्या. मी आपला सहज आलो." माजी हेडक्लार्क! शिपायाने त्यांना फोन केला होता. सहज आलेल्या माणसाने कोट इस्त्री केला होता.

"नमस्कार साहेब," बाई मान न वळवता म्हणाल्या.

"किती झाले?"

"त्र्याण्णव हजार."

"आम्ही इथे आलो की डोळे मिटून..."

"...खेळायचो. माहीत आहे," बाईंनी वाक्य संपवलं.

सत्त्याण्णव झाले. अठ्ठ्याण्णव झाले. शिपायाला राहवेना. "साहेब, तुमच्या वेळी आकडे शून्यावर कसे गेले नाहीत हो?"

तिथेच घोटाळा झाला. साहेब गप्प बसते तर आजही पहिले असते. पण फुशारकीला कुलूप नसतं. "अरे, तीनदा गेले की! चौथ्या वेळी मी काय केलं? अठ्ठ्याण्णव हजार सातशे साठ झाले आणि सरळ हात खिशात घातले. पडू दे म्हटलं ठोकळे! ढीग वर टेकला, डाव संपला, आकडा कायम."



"म्हणजे मुद्दाम हरायचं?" टपालातली मुलगी म्हणाली.

"मुद्दाम थांबायचं. पण बाईंना ते जन्मात जमायचं नाही," साहेब हसले. "यांना उघडी डबी बघवत नाही, ढीग कुठला बघवतोय!"

बोलणं खोटं नव्हतं. जुळणारा ठोकळा समोर दिसत असताना तो तसाच सोडायचा, हे बाईंच्या डोक्यात चार महिन्यांत एकदाही आलं नव्हतं. गुण झाले नव्याण्णव हजार चारशे. बाईंनी हात उचलले आणि त्या दोन्ही तळहातांवर बसल्या.

ठोकळे पडू लागले. लालावर हिरवा, हिरव्यावर पिवळा, कसेही, वेडेवाकडे. बाईंच्या कपाळावर घाम आला. अचानक तीन निळे आपसूकच शेजारी पडून विरले, त्यांच्यामागून आणखी सहा गेले. नव्याण्णव हजार नऊशे चाळीस!

"अहो, थांबवा त्याला!" एक कारकून ओरडला.

"कसं थांबवू? मी काही करतच नाहीये!"

आणि मग दोन पिवळे शेजारी बसले नि तिसरा वरून संथपणे येऊ लागला. एक घर डावीकडे, बस्स. बाईंचा उजवा खांदा आपोआप हलला.

"धर गं मला!" त्या किंचाळल्या.

टपालातल्या मुलीने डबा टाकून त्यांचे दंड धरले. शिपायाने डोळे मिटले. साहेबसुद्धा पुटपुटत होते, "नको बाई, नको. तेवढं सोडा," आणि आपण कुणाच्या बाजूने बोलतोय हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. पिवळा उजव्या कडेला एकटाच जाऊन बसला. त्याच्यावर आणखी चार आले. ढीग वर टेकला.

यादी आली. बाईंचं नाव पहिलं. साहेब दुसरे.

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, यादी पुन्हा वाचली. ती तशीच होती. "मी बोललोच नसतो तर..." ते म्हणाले, आणि थांबले. सगळे बाईंकडे बघू लागले. बाईंनी ते वाक्य तसंच राहू दिलं.

दोन वाजता भंगारवाला यादीचा कागद घेऊन आला. सहा यंत्रं, प्रत्येकापुढे 'निकामी होण्याचे कारण' असा रकाना. वरच्या पाचांपुढे एका कारकुनाने 'जुने' असं लिहून ठेवलं होतं. सहावा रकाना कोरा होता.

"काहीही लिहा बाई, कोण वाचतंय," भंगारवाला म्हणाला.

बाईंनी पेन काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'काम पूर्ण झाले.'