टाको नव्हे, टाकळो

दादाचा फोन आला तेव्हा मी नांदगावच्या घराला कुलूप घालत होते. शाळेची वेळ झाली होती. "बाय, सुनंदा गेली गो," एवढंच तो म्हणाला. सुनंदा म्हणजे त्याची बायको, माझी वयनी. बातमी तशी अचानक नव्हती. श्रावणाआधीच गोव्याच्या डॉक्टरांनी 'आता घरी न्या' म्हणून सांगितलं होतं, आणि 'घरी न्या' म्हणजे काय ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी मी किल्ली हातात धरून पायरीवर बसून राहिले. रडू नंतर आलं. आधी आला तो राग, आणि खरं सांगते, आज इतके आठवडे झाले तरी तो गेलेला नाही.

उलट बाराव्याला तो वाढलाच. देवबागला माझ्या माहेरी पडवीत बायका बसल्या होत्या. गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द बोलायची पद्धत, तसं चाललं होतं. कशी शांत होती, कशी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही... आणि आमची एक लांबची काकी पदराने डोळे पुसत म्हणाली, "बाई सोन्यासारखी. हाताक चव नव्हती तेवढीच." सगळ्यांनी माना हलवल्या. खांबाला टेकून बसलेल्या दादानेसुद्धा हलवली! मी तिथून उठले आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिले. सुतकातल्या घरात भांडू नये म्हणतात, म्हणून गप्प बसले. पण वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहू नये असं कुणी म्हटलेलं नाही, म्हणून लिहिते.

वयनी फोंडाघाटची. तिचे वडील मूळचे आमच्याच किनाऱ्यावरचे, पण घाटाच्या पायथ्याशी दुकान टाकून तिथलेच झालेले. गळ्यात माळ, त्यामुळे घरात मासळीचा वासही नाही. अठ्ठ्याण्णव साली ती लग्न होऊन आमच्याकडे आली. आमच्याकडे म्हणजे जिथे होडी किनाऱ्याला लागली की आधी चुलीवर आधण चढतं अशा घरात. पहिल्याच आठवड्यात आयेने, म्हणजे माझ्या आईने, तिला बांगड्याचं तिखलं करायला सांगितलं. आता बांगड्याला तिरफळं लागतात, हे तिला शेजारणीने सांगितलं. ती नुसती ठेचून वरून सोडायची असतात, हे मात्र कुणी सांगितलं नाही. बिचारीने ती बियांसकट वाटपात घालून पाट्यावर गंधासारखी बारीक वाटली. तिखलं कडूजहर झालं. आयेने पहिला घास घेतला, ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "हिच्या हाताक चव नाय." झालं! एका तिरफळाची चूक, पण निकाल लागला तो हाताचा. हात काय बदलून मिळतो? पुढे तिचं तिखलं चांगलं व्हायला लागलं, अगदी आयेच्या तोडीचं व्हायला लागलं, तरी ते वाक्य घरातून हललं नाही. दादा तर पाहुण्यांसमोर गंमत म्हणून सांगायचा, आणि पाहुणे हसायचे. आणि तीही हसायची, याची मला जास्त चीड यायची.

त्यातून तिला एक खोड लागली. वाढून झालं की ती पळी हातात घेऊन दारात उभी राहायची आणि घास तोंडात जातो न जातो तोच विचारायची, "बरा झाला काय?" डाळीला विचारायची, भाताला विचारायची, एकदा तर मला चहाला विचारलंन. मी म्हटलं, "वयनी, घोट तरी गिळू दे गो!" तर लगेच चेहरा पडला. म्हणजे साखर कमी पडली असणार, असं तिने धरूनच टाकलं. माहेरी गेले की मला तिच्यावरच ओरडावंसं वाटायचं. अगो बाई, तू कर, वाढ आणि बस जेवायला! ज्याला नाही आवडत त्याने उठावं. पण हे सांगून येणारं शहाणपण नव्हे.

मग एका पावसाळ्यात तो सोमवार आला. आमच्याकडे सोमवारी शिवराक, म्हणजे मासळी बंद. मासळी नसली की घरातल्या पुरुषांची तोंडं सुतकी होतात आणि रांधणारीला काय करू नि काय नको होतं. दुपारी वयनी टीव्हीवर हिंदीतला रांधपाचा कार्यक्रम बघत बसली होती. कुणी बाई चपातीसारखं काहीतरी दुमडून त्यात लाल उसळ भरत होती, आणि 'मेक्सिकोचा टाको' असं काहीसं म्हणाली... आणि लाईट गेली. पावसात आमच्याकडे ती जायचीच. पण वयनीने ऐकायचं ते ऐकलं होतं. टाको म्हणजे टाकळो! मागच्या दारी, पावसाच्या पाण्याने टाकळ्याचं रान माजलेलं. ती रानभाजी आमच्याकडे आषाढ-श्रावणात पोटाला बरी म्हणून खातात, फुकटची म्हणून तिला मान नाही. मेक्सिकोत टाकळा खातात याचं तिला जराही नवल वाटलं नाही. पाऊस पडतो तिथे टाकळा उगवतो, त्यात काय! राजमा घरात कुठला असायला. तिने चवळी भिजवलेली होती ती घेतली. टाकळ्याची कोवळी पानं, कांदा, भरपूर लसूण, मिरची, ओलं खोबरं. तांदळाची भाकरी एरवीपेक्षा पातळ थापली, गरम असतानाच दुमडली, आत चवळी-टाकळा भरला आणि वरून कच्च्या कांद्यावर कोकमाचं आगळ शिंपडलं.

नेमकी मी त्या दिवशी माहेरी होते. ताटात ते दुमडलेलं प्रकरण पाहून आये म्हणाली, "ह्या काय?" वयनी म्हणाली, "टाकळो. मेक्सिकोचो." मला टाको काय ते ठाऊक होतं. शाळेत येणाऱ्या एका मासिकात चित्रासकट पाहिलेलं होतं. मी पदर तोंडात कोंबला. आयेने एक घास घेतला. चावला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघतोय. आता आयेजवळ बोलायला काय होतं? आमच्या सासूबाई असं करायच्या नाहीत, हे म्हणायची सोयच नव्हती. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत ते कुणी केलेलंच नव्हतं. शेवटी तिने विचारलं, "ह्या असाच आसता काय?" आणि माझी वयनी, जी मिठाच्या खड्यालाही दुसऱ्याची परवानगी मागायची, ती पळी न हलवता म्हणाली, "होय तर. थंय असाच करतत."

"मेक्सिको खंय इला? गोयाच्या फुडे?"

"खूप फुडे," वयनी म्हणाली. आयेने आणखी एक भाकरी मागून घेतली, आणि त्या जेवणात 'बरा झाला काय' हा प्रश्न आला नाही.

भांडी घासताना मी तिला खरं सांगितलं. टाको म्हणजे त्या दुमडलेल्या भाकरीचं नाव, आणि त्यात टाकळा बिलकूल नसतो. तिने हातातली परात खाली ठेवली. "म्हणजे चुकला?" म्हणाली आणि रडायच्या बेतात आली. मी कपाळावर हात मारून घेतला. "वयनी, मेक्सिकोतून कोण येतला हंय चूक काढूक? बांगड्याचा मालक आयेची आये, तिची आये. ह्याची मालकीण तू!" तिला पटलं की नाही कळलं नाही. पण पुढच्या सोमवारी तिने परत टाकळो केला, तोही मला न विचारता, त्यात भाजलेल्या काजूची भरड घालून.

मग ते घरचंच झालं. श्रावण संपून टाकळा जून झाला की ती शेवग्याचा पाला घ्यायची, कधी तांबडी भाजी, पण नाव टाकळोच. चवळीऐवजी कधी मूग. हात सैल झाला तिचा. चिमूट मोजायची बंद झाली, चालता-बोलता करायला लागली. आणि मंगळवारी? मंगळवारी बांगडे आले की पुन्हा पळी घेऊन दारात उभी! मी म्हणायचे, ही सोमवारची बाई मंगळवारी जाते कुठे? याला काय म्हणावं? तोच हात, तीच चूल.

दादाने पुढे पर्यटकांसाठी माडांच्या बागेत दोन खोल्या बांधल्या. येणारे बहुतेक मासे खायला येत, पण एका दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचं एक शाकाहारी कुटुंब आलं. दादाच्या हिशेबी शाकाहारी म्हणजे आजारी माणूस, तो त्यांना डाळभात देऊन मोकळा होणार होता. मी म्हटलं, वयनीचा टाकळो वाढ. वाढला. माणसं बोटं चाटायला लागली. त्यातल्या बाई हात धुवायच्या आधी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "हे कोणी केलंय हो? असं मी कुठेच खाल्लेलं नाही." मला वाटलं, आली वेळ. आता तरी बोलेल. वयनीने माझा दंड धरला आणि मला पुढे ढकललं. "ह्यां आमच्या बायन केलेला. ती मास्तरीण आसा," म्हणाली. बाई माझं कौतुक करत राहिल्या, मला कृती विचारत राहिल्या, आणि मी परक्या माणसांसमोर दात दाखवत उभी. संतापाने कान तापले माझे.

त्या गेल्यावर मी तिला फैलावर घेतलं. आयुष्यात एकदा कुणीतरी शाबासकी द्यायला दारात आलं, तर ती तू माझ्या गळ्यात घातलीस! लाज नाही वाटत? ती चुलीतली लाकडं मागे ओढत शांतपणे म्हणाली, "बाय, उद्या बिघडला तर? तुझ्या नावावर आसला तर लोक म्हणतले, होता एखाद वेळ. माझ्या नावावर आसला तर म्हणतले, हाताक चव नायच हिच्या." तिचं खरं होतं, त्याचीच तर आग आग झाली. मी आयेशी भांडले, दादाशी भांडले. दादा म्हणाला, "अगो, ता आमी गजालीन म्हणतो." गजालीने! गप्पांच्या भरात गंमत म्हणून वर्षानुवर्षं बोलायचं, आणि समोरच्याने त्याखाली दबून जायचं, ही आमच्या लोकांची गजाल.

या श्रावणात मी तिला भेटायला गेले तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती. अन्न जात नव्हतं. दादा म्हणाला, काहीच मागत नाही, पेजेलाही नको म्हणते. म्हणून मी घरून टाकळो करून नेला. नांदगावहून मालवण, तिथून पुढे दुसरी गाडी, भर पावसात मांडीवर डबा. उशीला टेकवून बसवलं तिला आणि एक तुकडा भरवला. तिने तो तोंडात घोळवला. डोळे मिटले. मला वाटलं, आता 'बरा झाला' म्हणेल. ती सगळ्यांच्याच रांधपाला बरं म्हणायची.

"टाकळो जून आसा," ती म्हणाली. "आनि आगळ शिजवलंस तू. ता वरसून घालूचा."

दादा पायाशी बसला होता. मला वाईट वाटू नये म्हणून त्याने घाईने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "बरा झाला हा गो." वयनीने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. "तुमका काय कळता त्यातला?" म्हणाली. आणि मला, "परत कर."

एवढ्या लांबून डबा घेऊन आलेली मी... आधी मला रागच आला. मग कळलं, ही आज पहिल्यांदाच टाकळोची मालकीण म्हणून बोलत होती. मी छत्रीही न घेता मागच्या दारी गेले, शेंड्याची कोवळी पानं तेवढी खुडली आणि तिच्या चुलीवर टाकळो करायला बसले. ती खोलीतून ओरडत होती. ओरडत म्हणजे काय, आवाज होता कितीसा, पण घरभर ऐकू येत होता. लसूण आधी घाल. पाणी घालू नको. झाकण घालू नको, काळो पडता! पडवीतून आये म्हणाली, "गो, किती बोलतंस, दमशीत." तर वयनी म्हणाली, "बोलूक दे माका." दुसऱ्या खेपेचा टाकळो तिने दोन घास खाल्ला आणि त्यावर काहीही शेरा मारला नाही. मला तेवढं पुरलं.

गणपती झाले आणि ती गेली. आता कुठे तोंड उघडलं होतंस गो! आता कुठे लोकांना सांगायला लागली होतीस, आणि ऐकवायचं ते कुणाकुणाला बाकी होतं... त्या काकीला तर होतंच. याचा राग मी कुणावर काढू? परवा सोमवारी मी शेवग्याच्या पाल्याचा टाकळो केला. पाला कढईत पडला आणि सवयीने झाकणाकडे हात गेला. लगेच मागून दटावणी ऐकू आल्यासारखी झाली. "नाय घालत गो, नाय घालत," मी रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हटलं, आणि झाकण खाली ठेवलं.