हात लावला तर चालतं का?

किस्से काही शोधावे लागत नाहीत. केमोच्या वॉर्डात नोकरी करा, आपोआप जमतात. सलाइन थेंब थेंब जात असतं, पेशंटला उठता येत नाही, नातेवाइकांना करमत नाही. मग तोंडं सुटतात. शेजारी, जावई, भाजीचे भाव, सगळं निघतं. एकच विषय निघत नाही. आणि तोच सांगायचं काम नागपूरच्या आमच्या हॉस्पिटलनं माझ्या गळ्यात मारलंय! डॉक्टर सगळं समजावतात आणि नवरा-बायकोपर्यंत आले की म्हणतात, "बाकीचं सिस्टर सांगतील."

बाकीचं!

* * *

सुलभाताई इतवारीतल्या. घरचं भांड्यांचं दुकान. पहिली केमो झाली आणि नवऱ्यानं खोली वेगळी केली. दुकानातलं नवं ताट, वाटी, पेला आणला आणि मशीननं त्यावर नाव घातलं, 'सुलभा'. म्हणजे घरात कुणी चुकून त्यात जेवायला नको!

"लग्नापासून घरातल्या समद्या भांड्यांवर त्याहीचंच नाव हाय, सिस्टर," सुलभाताई म्हणाल्या. "माझं पहिल्यांदाच आलं!"

मला हसू आलं नाही, संताप आला. त्यांनी माझा हात धरला. "मले बाकी काई नको जी. हात लावला तर चालते, एवढं त्याहीले सांगा."

पण सांगणार कुणाला? हे गृहस्थ बायकोला दारात सोडून दुकानाकडे पळायचे.

* * *

एका पेशंट सुनेसोबत नवरा, सासू, दीर, नणंद असा लवाजमा आला. मी म्हटलं, "फक्त नवऱ्यानं थांबायचं." बाकीचे गेले, सासू हलेना. "माह्यासमोर सांग वं. माह्यापासून काई लपवत नाही तो."

सांगितलं. उपचार चालू असताना दिवस राहता कामा नयेत. जवळ यायचं तर कंडोम हवा. रक्तातल्या पेशी कमी झाल्या असतील तेव्हा टाळायचं. आणि तिला नको असेल तर नाही म्हणजे नाही.

सासूनं कानांवर हात ठेवले. "आमच्या घरी असलं काई होत नाही वं बाई!"

"मग हे कुठून आले?" मी तिच्या मुलाकडे बोट दाखवलं.

सून फसकन हसली. त्या हसण्यावरून तिला घरी काय काय ऐकावं लागलं, ते मला पुढच्या केमोला कळलं.

* * *

कळमेश्वरचा एक नवरा, कारखान्यात सुपरवायझर. "मले काहून सांगून राहिल्या? बीमारी तिले हाय!"

मी समजावलं की अशात दिवस गेले तर बाळाला धोका, हिचे उपचार अडकतील, हिच्या जिवावर बेतेल. गडी मोबाइलवर बोट फिरवत राहिला. शेवटी म्हटलं, "केमोचं औषध काही दिवस हिच्या अंगातल्या स्रावांतून बाहेर पडतं. तुम्हालाही त्रास होऊ शकतो."

मोबाइल खिशात गेला! "पहिलेच सांगाचं ना, मॅडम!"

पुढच्या वेळी मी बायकोला हळूच विचारलं, "ऐकतात का?"

"ऐकते ना जी आता," ती म्हणाली. "त्याच्या जिवाचा सवाल होता ना!"

* * *

प्रताप नगरचे एक रिटायर्ड साहेब, प्रोस्टेटचे पेशंट. निघता निघता दारातून वळले. "सिस्टर, माझा एक मित्र विचारत होता. उपचारानंतर त्याला, म्हणजे, जमत नाही. काही उपाय असतो का?"

मागून बायको म्हणाली, "त्या मित्राच्या बायकोनंही विचारायला सांगितलंय!"

मी दोघांना तसंच डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही तक्रार?"

साहेब म्हणाले, "नो, नो. ऑल फाइन!" बायको तोवर पर्स उघडून उगाच काहीतरी शोधत राहिली.

* * *

शेवटच्या केमोला सुलभाताईंचा नवरा एकदाचा सापडला. त्यांना पलंगाशी बसवलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "कॅन्सर हात लावून होत नाही. जवळ बसा, शेजारी झोपा, मिठी मारा. फक्त आधी हात धुवा, यांना इन्फेक्शन व्हायला नको."

"बस, एवढंच?" ते म्हणाले. बेसिनवर हात धुऊन आले आणि खरंच त्यांनी सुलभाताईंचा हात हातात घेतला. सुलभाताईंनी डोळे मिटले. मला इतका आनंद झाला, काय सांगू!

थोड्या वेळानं ते उठले. परत बेसिनवर गेले. साबण घेतला, कोपरापर्यंत लावला, नखं चोळचोळून धुतली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुलभाताई म्हणाल्या, "राहू द्या, सिस्टर. त्याहीले टॉवेल द्या."