समुद्राकडे दार

तंबू आठ जणांचा होता. आम्ही मुलं धरून पाचच, पण सासऱ्यांना आत न वाकता उभं राहता यावं म्हणून मी मोठा घेतला. यादीतली पहिली ओळच ती होती. त्याखाली आबांची घडीची खुर्ची, गोळ्या, बॅटरी, पिण्याचं पाणी. निघताना प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण होती.

आबा धुळ्याकडून सुरतेला आले आणि तिथे उधन्यात कापडाच्या लूमवर लागले. तीसएक वर्षं उभ्यानं काम केलं. समुद्र तासाभराच्या अंतरावर, पण सुटीच्या दिवशी ते झोप काढायचे. गुडघे गेल्यावर एकदा म्हणाले, "माले एक रात समिंदरना काठे ऱ्हावानं शे." माझ्याकडे त्यांनी मागितलेली ती पहिलीच गोष्ट.

उत्तरायणाचे पतंग उतरून आठवडा झाला होता. सकाळी किनाऱ्यावर पोचलो तेव्हा वारा अगदी पडलेला. खुर्चीत बसून पाणी दिसावं म्हणून मी तंबूचं दार समुद्राकडे केलं. दाराच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या तेवढ्या अडचणीच्या होत्या. येण्याजाण्याच्या वाटेत तिरक्या उतरत होत्या, आणि आबा पाय उचलून नव्हे, घासत चालतात. मी त्या सोडल्या आणि गुंडाळून खांबाला अडकवल्या.

"वाऱ्याचं नाव आहे का गं तुझ्या यादीत?" नवऱ्यानं विचारलं.

"तुम्ही गादीत हवा भरा आधी," मी म्हणाले.

आबा काठी टेकत तंबूभोवती फिरले. लूमवरचा ताणा तपासावा तसा प्रत्येक दोरीवर तळवा दाबत होते. दाराशी येऊन थांबले.

"माय, आठे ढिलं शे. एक बाजूनं ताण गया का आख्खं कापड गोळा व्हस."

"आबा, हे लूम नाही. बसा, चहा देते."

ते बसले. सुनेच्या कामात दोनदा बोलायचं नाही, ही त्यांची रीत. पुढे दोन-तीन तास नुसते पाण्याकडे बघत होते. मी मध्ये एकदा गोळी दिली.

दुपारी तीनच्या सुमारास समुद्रावरून वारा उठला. एवढा उंच तंबू वाऱ्यापुढे भिंतीसारखा उभा असतो, हे मला तेव्हा कळलं. वारा दारातून आत शिरत होता आणि मागून बाहेर पडायला वाट नव्हती. छत फुगलं. मागच्या खुंट्या कोरड्या वाळूतून एकेक करून निघायला लागल्या. मी आणि नवरा मागे धावलो. मुलं पाण्यात होती.

दाराकडे कोणी नव्हतं. आबा होते. दोरी जिथे हवी होती तिथे जाऊन त्यांनी दोन्ही हातांनी खांब धरला.

मी ओरडले, "सोडा, आबा!" ऐकू गेलं नसावं. तंबू उचलला गेला, खांब मोडला आणि त्या कापडात गुंडाळले जाऊन आबा चार-पाच हात लांब फेकले गेले. आम्ही कापड ओढून काढलं तेव्हा ते शुद्धीवर होते. उजवा पाय वेडावाकडा पडला होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण ते पुन्हा उभे राहिले नाहीत. आता त्यांच्या खाटेशेजारी माझी दुसरी यादी आहे: कूस बदलणं, पाठीला पावडर, औषधांच्या वेळा. खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसते.

मोठा तंबू कसा लावायचा ते मला आता पाठ आहे. पाठ वाऱ्याकडे, दार आडोशाला. एकही दोरी सोडायची नाही. पायात येत असेल तर तिला रंगीत चिंधी बांधायची. वाळूत खुंट्या धरत नाहीत, पोत्यात वाळू भरून, त्याला दोरी बांधून ते खोल पुरायचं. हे सगळं कोणीही सांगितलं असतं. एकानं सांगितलंही होतं.

गावाकडचे लोक भेटायला येतात, कसं झालं म्हणून विचारतात. मी चहाचे कप घेऊन दारात असते. आबा माझ्याकडे बघत नाहीत.

"मना पाय सरकना," ते सांगतात. पाय घसरला, एवढंच.

मी कप ठेवते. आजवर एकदाही मी ते खोडून काढलेलं नाही.