सुरूच्या वळणावरची येझदी

जुन्या मोटरसायकलींचा मेळा पालघरला भरो नाहीतर बोईसरला, गाड्यांच्या रांगेत एक बाई वाकलेली दिसणारच. नवापूरची मासळीवाली चंद्रकांता. साठीला टेकलेली, गुडघ्यापर्यंत लुगडं, काखेत रिकामी टोपली. एकेका गाडीपाशी थांबायची, पेट्रोलच्या टाकीखाली बोट फिरवायची आणि पुढच्या गाडीकडे जायची.

चकाकत्या गाड्यांचे मालक हसायचे. "मावशी, बोंबील इथं नाय, बाजारात मिळतात!"

"तुझ्या तोंडात घाल बोंबील. सर बाजूला," ती म्हणायची. तोंड काय, विळीच होती बाईचं!

तिला गाडी नको होती हो. तिला एक आवाज हवा होता. फक्त एकदा ऐकायचा होता.

तिचा नवरा एकनाथ. त्याची लाल येझदी होती. पहाटे तो तिला मागे बसवून बोईसरच्या बाजारात सोडायचा, टोपली तिच्या मांडीवर. माणूस बोलायला महाकंजूस, पण गाडी तोंडाळ. संध्याकाळी गावाबाहेरच्या सुरूच्या बनाला वळसा घातला की तिचा आवाज घरात यायचा, आणि त्या आवाजात मधेच एक उचकी. टर्रर्र... उक्... टर्रर्र. "तू माझी आठवण काढतेस ना, म्हणून उचकते," एकनाथ म्हणायचा. वर्षाकाठी एवढंच काय ते लाडाचं बोलणं! उचकी ऐकली की ही चुलीवर चहा ठेवायची. तो पाय धुऊन आत येईतो कप तयार.

तीन दिवसांच्या तापात माणूस गेला. गाडी अंगणात दाराकडे तोंड करून उभी. चंद्रकांताला ते बघवेना. तेराव्याच्या आधीच तिनं भंगारवाल्याला बोलावलं. "घेऊन जा. डोळ्यांसमोर नको." सगळे म्हणाले, बरं केलंस.

कसलं बरं! दोन पावसाळे गेले आणि एका दुपारी सुकट परतवता परतवता तिच्या लक्षात आलं, एकनाथचा आवाज आपल्याला आठवत नाही. चेहरा फोटोत होता. आवाज कुठं ठेवलेला असतो? त्या दिवसापासून बाई अधूनमधून हरवायला लागली. हात मासळीत, कान सुरूच्या वळणावर. सून हेमाली हाक मारायची तेव्हा कुठं ती परत यायची.

मग गाडी शोधायचं खूळ घेतलं. खूण होती. त्यांच्या गावात प्रत्येक घराची आपापली खूण असते, जाळ्याच्या तरंगत्या बोयांवर कोरलेली, म्हणजे समुद्रात कुठलं जाळं कुणाचं ते कळतं. यांची खूण तीन उभ्या चिरा आणि एक तिरकी. एकनाथला खूण कोरायचा नादच होता. वल्ह्यावर, पाटावर, कोयत्यावर, दिसेल त्यावर कानस चालवायचा. येझदीच्या टाकीखालीसुद्धा ती चंद्रकांतानं स्वतः पाहिली होती. होडी ओळखायची ती तिच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, हे तिच्या हाडात मुरलेलं. आणि गाडीची नाळ म्हणजे टाकी, हे तिचं तिनंच ठरवलेलं. म्हणून फक्त टाक्या बघायची.

यंदाच्या जानेवारीत बोईसरला मेळा भरला. मैदानाच्या कडेला जुन्या सुट्या भागांचा बाजार होता. ताडपत्र्यांवर दिवे, स्प्रिंगा, सायलेन्सर मांडलेले. कोवळं ऊन सगळ्या लोखंडावर पसरलं होतं आणि चंद्रकांता त्यातून झोपेत चालल्यासारखी चालत होती. एका ताडपत्रीवर निळी टाकी पडलेली. माशाचे कल्ले चाचपावेत तसं तिनं सवयीनं खाली बोट घातलं.

एक चीर. दुसरी. तिसरी. आणि तिरकी.

ती तिथंच मातीत बसली.

"काय झालं, मावशी?" विकणारा भाग्येश धावला.

"हिची गाडी कुठं हाय?"

"गाडी आता कुठली? माझ्या भंगारवाल्या काकांनी दहा वर्षांपूर्वीच खोलली ती. चाकं डहाणूला गेली, सीट कुणी नेली ठाऊक नाय. इंजिन तेवढं उमरोळीच्या दर्पणनं नेलं. ती बघा, रांगेतली काळी."

काळी! अगं बाई, त्या काळीपाशी ती चार वर्षं दर मेळ्यात वाकली होती. टाकी बघायची, खूण नाही म्हणून पुढं जायची. चार वर्षं लुगड्याचा काठ त्या इंजिनाला घासून गेला आणि वेडीनं एकदा मान खाली घालून बघितलं नाही!

ती हमसून हमसून रडली. गाडी घरी येणार नव्हती, आता कधीच. मग पदरानं तोंड पुसलं. तिचे सासरे म्हणायचे, जुनी होडी मोडली तरी एक फळी नव्या होडीत घालायची, म्हणजे जुनी मेली असं होत नाय.

भाग्येशनं टाकी उचलून तिच्या हातात ठेवली. "घेऊन जा, मावशी. तुमचीच हाय."

ती टाकी कवटाळून काळ्या गाडीपाशी गेली. दर्पण तिशीतला, तारापूरच्या कारखान्यात कामाला. तिनं न विचारताच इंजिनावरचं तेलकट किटण अंगठ्यानं पुसलं. तीन चिरा, एक तिरकी.

"मला वाटलं, कंपनीचीच खूण हाय," दर्पण म्हणाला.

"आवाज कसा येतो?"

"झकास. मधेच एक उचकी देते तेवढी. तीन मेकॅनिक केले, जात नाय."

"घालवू नको!" ती इतक्या जोरात ओरडली की आजूबाजूचे वळून बघायला लागले. तिची सगळी हकीकत ऐकल्यावर दर्पणनं किकवर पाय ठेवला, तर तिनं त्याचा दंडच धरला. "इथं नको रे पोरा. नवापूरला ये, रविवारी. सुरूच्या वळणानं ये. हॉर्न वाजवू नको, ते वाजवत नसत. आणि ही टाकी पुन्हा लाल रंगवून बसव. घरात ठेवून मी काय तिची पूजा करू?"

रविवारी ती सकाळपासून धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसली. दुपार झाली. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. "आई, आजकालची पोरं विसरतात," हेमाली हळूच म्हणाली. चंद्रकांता उठली, आत जाऊन मांदेली निवडायला बसली आणि निवडता निवडता वाट बघायचं विसरूनही गेली.

टर्रर्र... उक्... टर्रर्र.

हात आपोआप चहाच्या भांड्याकडे गेले. पाणी, साखर, पत्ती. आवाज वळणावरून आला, गल्लीत शिरला, दाराशी येऊन थांबला. अंगणात बूट वाजले. चंद्रकांतानं चहा गाळला आणि चुलीवरून मान न वळवता, रोजच्या सुरात म्हणाली, "पाय धुवून या. आज लवकर आलात?"

हेमालीनं तोंडावर पदर घेतला.

चंद्रकांता वळली. दारात दर्पण उभा होता, हातात हेल्मेट, मागे अंगणात लाल रंगवलेली टाकी.

"उशीर झाला जरा, मावशी," तो अवघडून म्हणाला.

"अकरा वर्षं झाली," ती म्हणाली, आणि कप त्याच्या हातात दिला.