हात बघून पिस्तूल

लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या घरात चोरी झाली आणि बायकोची झोप उडाली. म्हणून मी छऱ्याच्या पिस्तुलांच्या क्लबात गेलो. बायकोशी फोनवरचं माझं बोलणं ऐकून काउंटरवरची मुलगी मराठीत म्हणाली, "काका, हात दाखवा." आमच्या गावचा कासार बांगड्या भरण्याआधी आईचा हात दाबून बघायचा, तसाच तिनं माझा पंजा दाबून पाहिला.

"फुल-साइज पिस्तूल घ्या. छोटं हातात नाचतं. हे हेवी आहे, पण स्टेडी राहतं."

खरंच, माझा पहिलाच छर्रा कागदाच्या मधोमध लागला! मी खुशीत म्हणालो, "आता हे उशाशी ठेवतो. येऊ दे चोर."

तिनं हसत हसतच पिस्तूल माझ्या हातातून काढून घेतलं. "आणि चोर घाबरला नाही तर? काकू तिथेच असणार ना? हे इथे खेळायला, काका. घरासाठी चांगला लॉक घ्या."

मी दाराला भक्कम कुलूप बसवलं. बायको झोपू लागली. गेल्या शनिवारी तीही क्लबात आली. त्या मुलीचं नाव मला अजून माहीत नाही. तिनं बायकोचा हात दाबला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काकूंना तुमच्याहून मोठं पिस्तूल लागेल."