अध्यक्षांचं जाळं आणि निळी चप्पल

शेजारच्या मासेमाराला सगळी गल्ली ‘अध्यक्ष’ म्हणते. त्याला कुणी निवडलं नव्हतं. समुद्रात तुटून अडकलेली जाळी सगळ्यांनी मिळून ओढून काढायची ठरली, त्या सभेत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर तो आधीच बसलेला होता, एवढंच. हे तो स्वतःच सांगतो, वर टाळीही मागतो.

गुडघे दुखतात म्हणून दोराला हात लावायचा नाही. शिट्टी फुंकायची आणि भाषण ठोकायचं, हे त्याचं काम. जाळी ओढायच्या दिवशी दोर धरणाऱ्यांत त्याचा मेहुणाही होता. मागे अध्यक्षानं समुद्रात लावलेलं नवंकोरं जाळं रातोरात गायब झालं, तेव्हा ‘तूच ढापलंस’ असं त्यानं मेहुण्याला चारचौघांत सुनावलं होतं. तेव्हापासून मेहुणा बहिणीच्या दाराशी फिरकला नव्हता आणि बहीण नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती. त्याला घरी परत कसं आणायचं, एवढा विषय सोडून अध्यक्ष जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचा.

“ज्या गाढवानं हे जाळं समुद्रात सोडलं,” अध्यक्ष गरजला, “त्याला इथे आणून उभा करा!” आणि शिट्टी फुंकली.

जाळं वाळूवर आलं. शेवाळ, मेलेले खेकडे, आणि जाळं तरंगावं म्हणून वरच्या दोरीत ओवलेले निळ्या रबराचे तुकडे. अध्यक्षाची शिट्टी तोंडातच राहिली. ते तुकडे कापून टाकायला खिशातला चाकू काढत तो पुढे धावला. गुडघे दुखायचं विसरले. पण बायको आधी पोचली होती.

“ही माझी चप्पल! आणि तुम्ही म्हणालात, कुत्र्यानं नेली? त्या मुक्या जिवाला किती शिव्या घातल्या मी!”

जाळं वाहून जाऊ नये म्हणून खाली दगड बांधतात. इथे दगडाचा पत्ता नव्हता, दोरीचं सुटलेलं टोक तेवढं लोंबत होतं. गाठ कुणी मारली होती, हे विचारायची गरज उरली नव्हती.

मेहुणा हात झटकत म्हणाला, “भाऊजी, गाढव शोधायला माणसं पाठवू?”

“नको,” अध्यक्षानं चाकू खिशात घातला. “आलंय ते. शिट्टीसकट.”

सगळे खो खो हसले. मेहुणा मात्र हसला नाही. अध्यक्षाकडची सगळी भाषणं नेमकी तेव्हाच संपली.

“चारचौघांत बोललो होतो,” तो कसाबसा म्हणाला, “म्हणून चारचौघांतच सांगतो. चुकलं माझं. घरी ये रे.”

“येईन,” मेहुणा म्हणाला. “पण चपला दाराबाहेर काढणार नाही.”